नाशिक सोडून उष्ण भागात राहायला जावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जून २०१६ मध्ये पंचवटीतलं बिऱ्हाड हलवून जळगावला गेलो आणि मे २०२२ च्या शेवटी परत नाशिकला आलो. सहा उन्हाळे तिकडे काढले. परत आल्यापासून ओळखीतली माणसं विचारत असतात. कुणाची बदली भुसावळला झालेली असते, कुणाची मुलगी नागपुरात असते आणि ती आईवडिलांना बोलावत असते, कुणाला निवृत्तीनंतर कोकणात घर बांधायचं असतं. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

तुम्ही कशासाठी गेला होतात?

दोन कारणं होती. यजमानांची बदली झाली होती आणि सासूबाईंना नाशिकची थंडी सोसत नव्हती. गुडघे धरायचे, दमा उसळायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या पहाटे उठून बसलेल्या असायच्या. ऊबदार गावी गेलो तर त्यांना बरं वाटेल, असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं.

त्याआधीच्या डिसेंबरमध्ये आम्ही जळगाव बघून आलो होतो. यजमानांच्या सहकाऱ्यांनी शेतावर भरीत पार्टी ठेवली होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, अंगावर कोवळं ऊन होतं. परतीच्या गाडीतच आमचं जायचं ठरलं. गाव चांगलंच होतं, माणसं तर फारच चांगली. आम्ही मात्र ते चुकीच्या महिन्यात बघितलं. पुढे ज्या ज्या गोष्टींचा त्रास झाला, त्यातली एकही डिसेंबरच्या त्या दुपारी दिसण्यासारखी नव्हती.

थंडी बाधते म्हणून जायचं आहे. तिकडे थंडी सुटेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमची मोठी चूक इथेच झाली. खानदेश आणि विदर्भ उन्हाळ्यात तापतात, म्हणून तिथे हिवाळा सौम्य असेल असं आपण गृहीत धरतो. तसं नाही. समुद्रापासून लांबची कोरडी जमीन जशी पटकन तापते तशी पटकन निवतेही. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की दिवसभराची ऊब रात्री निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा दहाच्या खाली जातो. नागपुरात तर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ३.५ अंशांची नोंद झाली होती.

निफाडची थंडी आपल्याला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो आणि द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटतात. त्या मानाने जळगाव थोडं बरं असेल, पण सासूबाईंचं पहाटेचं उठून बसणं काही थांबलं नाही. शाल तीच, वाफारा तोच. वर एप्रिल-मेमध्ये धुळीच्या वाऱ्याने दमा उसळायला लागला, तो त्रास नाशिकला नव्हता.

थंडी खरोखर टाळायची असेल तर समुद्राकाठीच जायला हवं. आणि गुडघ्यांबद्दल आम्हाला डॉक्टरांनी जे सांगितलं तेच सांगते. उबेने आखडलेपण कमी वाटतं, पण झिजलेला सांधा हवाबदलाने भरून येत नाही. वजन, व्यायाम आणि रोजचं चालणं यानेच फरक पडतो. चालण्याचं तिकडे काय झालं ते पुढे येईलच.

नाशिक आणि जळगावच्या उन्हाळ्यात खरंच एवढा फरक आहे? आता नाशिकही तापतंच की.

तापतं. चाळिशी नाशिकलाही ओलांडली जाते. तरीही नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर आहे आणि जळगाव २०० मीटरच्या आसपास. नुसत्या उंचीनेच दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. शिवाय आपल्याकडे संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो. मे महिन्यात नाशिकला दुपारी ३७ ते ४० अंश असतात, जळगावला ४२ ते ४५.

पण मी म्हणेन दुपारचा आकडा सोडा, रात्रीचा बघा. नाशिकची मेमधली पहाट २२-२३ अंशांवर येते आणि पांघरूण ओढावंसं वाटतं. जळगावला पारा २७-२८ च्या खाली उतरायला तयार नसतो. आणि हा झाला बाहेरचा आकडा. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. रात्री अकराला नळ सोडला की हात मागे घ्यावा लागेल इतकं गरम पाणी यायचं, कारण टाकी गच्चीवर. माणूस दुपार कशीबशी काढतो. रात्री झोप लागली नाही की मात्र आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांचा आवाज चढलेला असतो.

मग तिथे दिवस जातो कसा?

पहिल्या एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी मला बसवून सांगितलं, "ताई, बाजारहाट, धुणं, स्वयंपाक, सगळं दहाच्या आत. मग दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि सहापर्यंत उघडायच्या नाहीत." मला ते अतीच वाटलं. त्याच आठवड्यात अकरा वाजता भाजी आणायला गेले. फाटकाची लोखंडी कडी उघडताना बोटांना चटका बसला, आणि परत येईपर्यंत मेथीची जुडी माना टाकून बसली होती. त्यानंतर मी काकूंचं सगळं ऐकलं.

त्यांची शिस्त अशी होती. नऊला पडदे ओढायचे. फरशी ओल्या फडक्याने पुसायची. कैरीचं पन्हं आदल्या रात्रीच करून ठेवायचं. बाहेर जाणाऱ्याच्या डोक्याला आणि कानांना रुमाल हवाच. उन्हातून आलेल्याला लगेच फ्रीजचं पाणी द्यायचं नाही, आधी माठातलं दोन घोट. संध्याकाळी सातनंतर अंगणात सडा, आणि मग गल्ली जागी व्हायची. खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशी राहत आली आहेत आणि हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मला ते शिकायला दोन उन्हाळे लागले.

खर्चाचा हिशोब करताना लोक विजेचं बिल धरतात, हे तास धरत नाहीत. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घराबाहेर पडायचं नाही, म्हणजे वर्षातले जवळजवळ शंभर दिवस रोज आठ तास घरात. ज्यांचं काम बंद खोलीत आहे त्यांना ते फारसं जाणवणार नाही. घरी राहणाऱ्या बाईला, शाळेला सुट्टी असलेल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना फार जाणवतं.

सासूबाई पंचवटीत असताना रोज संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जायच्या. रामकुंडापर्यंत हळूहळू चालत, ओळखीच्या चार जणींसोबत पायरीवर टेकून, आरती झाली की परत. जळगावला त्या संध्याकाळी खिडकीशी बसून विचारायच्या, "उतरलं का गं ऊन?" ऊन उतरेपर्यंत अंधार पडायचा आणि अंधारात त्यांना नीट दिसायचं नाही. तीन उन्हाळ्यांत त्यांचं चालणं सुटलं. गुडघ्यांसाठी गावोगावी औषध शोधणाऱ्या आम्हाला हे वेळेवर कळलं नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

कूलर पुरतो की एसी लागतोच? बिल किती वाढतं?

कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्याचं काम, आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. फक्त समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर ओल खोलीतच कोंडते आणि चिकचिक होते. जूनच्या मध्यावर ढग आले की मात्र कूलर निकामी. ते दोन-तीन आठवडे सगळ्यात वाईट.

हिशोब असा बसतो. मोठा कूलर साधारण २०० वॉट धरला आणि बारा तास चालवला, तर दिवसाला अडीच युनिट, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला २४० ते ३६० युनिट, आणि तेही एकाच खोलीचे. आपल्या राज्यात घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. फ्रीज, पंखे, मिक्सर यांचे सव्वाशे-दीडशे युनिट आधीच असतात, त्यात एसी मिळवला की तीनशेच्या वर जाणारच, आणि त्यापुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. एसी २४ वर ठेवून सोबत हळू पंखा लावला तर झोप लागते. १८ वर ठेवून काही मिळत नाही.

कूलरचं पाणी कुणी हिशोबात धरत नाही. आमचा कूलर रोज चार-पाच बादल्या प्यायचा आणि नळाला पाणी दिवसाआड. बोअरचं पाणी घातलं की क्षारांनी ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे गवताचे पडदे, महिन्याभरात पांढऱ्या आणि कडक व्हायच्या. वाळ्याच्या ताट्यांना वास सुंदर येतो, पण त्या दरवर्षी मार्चमध्ये बदलाव्याच लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कूलरमध्ये पाणी भरताना, ताट्या काढताना किंवा नुसता पुसतानाही आधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. ओले हात, पत्र्याची बॉडी आणि कुठेतरी उघडी पडलेली वायर, एवढं पुरेसं असतं. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या तिकडे उन्हाळ्यात येतच राहतात. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय कूलर लावू नका.

घर बघताना काय बघावं?

वरच्या मजल्याचं घर घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. आम्ही पहिल्या वर्षी घेतलं आणि अकरा महिन्यांचा करार संपताच खाली आलो. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला नको. समोरासमोर खिडक्या हव्यात. दारात कडुनिंब असेल तर थोडं भाडं जास्त द्यायलाही हरकत नाही. गच्चीला फेब्रुवारीत चुना किंवा पांढरा रंग मारला तर खालच्या खोलीत हाताला कळण्याइतका फरक पडतो, आणि वर हिरवी नेट बांधली तर आणखी. टाकीलाही सावली करा.

खेड्यात अजून धाब्याची घरं आहेत, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं छत. भर मेच्या दुपारी अशा एका घरात गेले होते. पंख्याशिवाय बसवत होतं. नवीन घर बांधणाऱ्याने तिथल्या जुन्या गवंड्यांशी दोन तास बोलून घ्यावं.

आणि कोकण? तिथे पारा ३३-३४ च्या वर जात नाही ना?

माझी धाकटी बहीण रत्नागिरीजवळ आहे, तिच्याकडे दोन उन्हाळे काही आठवडे राहिले आहे. कोकणात थंडी खरंच नाही, सांधेवाल्यांना तिथे बरं वाटतं असं मी पाहिलं आहे. पण पाऱ्यावरून तिथल्या उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका. अंगाला गारवा मिळतो तो घाम वाळला की, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच. कूलरचा तिथे उपयोग नाही, एसीच लागतो. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं आणि पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. नाशिक शहरात जेवढा पाऊस वर्षभरात पडतो तेवढा तिथे काही आठवड्यांत पडून जातो.

नाशिकचा माणूस कोकणात रुळतो तो हवेपेक्षा माणसांमुळे. बहिणीला सासरची वाडी मिळाली, ती सुखात आहे. निवृत्तीनंतर ओळख नसलेल्या गावात, मुख्य रस्त्यापासून आत बंगला बांधणाऱ्यांनी आधी डॉक्टर किती लांब आहे ते मोजावं.

घरात वयस्कर माणसं आहेत, रोजची औषधं चालू आहेत. काय काळजी घ्यावी?

जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून सगळ्या गोळ्या दाखवा आणि "आम्ही उष्ण गावी जातोय" हे स्पष्ट सांगा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी लवकर कमी होतं, डोस बदलावा लागू शकतो. आपल्या मनाने बदलू नका. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरातली बाटली नाशिकला एरवी खोलीत चालून जाते, जळगावच्या खोलीत मेमध्ये चालत नाही. बराच वेळ वीज गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं कामी येतं.

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, म्हणून विचारत बसू नका, ठरलेल्या वेळी पेला हातात द्या. घरचं जलसंजीवनीचं प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त होऊ देऊ नका. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंग पाण्याने भिजवा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा, पन्हं हे सगळं त्या आधीचं.

शरीराला सवय होते ना?

होते. तरुण, निरोगी माणसाचं शरीर एक-दोन आठवड्यांत जुळवून घ्यायला लागतं, घाम लवकर आणि जास्त यायला लागतो. माझा मुलगा दुसऱ्या वर्षी दुपारी पत्त्यांचा डाव मांडून मजेत असायचा. सत्तरीच्या पुढे ही क्षमता कमी झालेली असते. आणि दर वर्षी पावसाळा-हिवाळ्यात ती सवय मोडते, मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नाशिकचं घर विकावं की ठेवावं?

ठेवा. निदान दोन उन्हाळे पूर्ण होईपर्यंत तरी विकू नका. हे मी हात जोडून सांगते.

आम्ही २०१७ च्या दिवाळीनंतर पंचवटीतला फ्लॅट विकला. विचार असा होता की तिकडेच राहायचं तर इथे पैसे कशाला अडकवून ठेवायचे, आणि भाडेकरूंची कटकट कुणी सांभाळायची. किल्ली दिली त्या दिवशी सासूबाईंनी देवघराच्या कोनाड्यातून हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. परत आलो तेव्हा त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट आमच्या आवाक्यात उरला नव्हता. मिळालेल्या रकमेत आता लांब आडगावच्या बाजूला एक खोली कमी असलेलं घर येत होतं. आम्ही अजून भाड्याने राहतो.

घर विकून परत घेण्यात दरवाढीशिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सहा-सात टक्के जातात, दलाली वेगळी, आणि विक्रीच्या नफ्यावरच्या कराची मुदत सांभाळून दुसरं घर घ्यावं लागतं ते वेगळं. सामानाचा ट्रक, मुलांचे शाळाप्रवेश, दोन्ही गावच्या अनामत रकमा हे खर्च एकदाचे असतात आणि विसरले जातात. घर विकल्याचा हा खर्च मात्र विसरला जात नाही.

घर भाड्याने देता येत नसेल तर एखाद्या नातलगाला राहायला द्या. परतीची वाट उघडी असली की उन्हाळाही जरा हलका वाटतो.

कागदपत्रांचं काय?

फार अवघड नाही. राज्यातल्या राज्यात जाताय, त्यामुळे एमएच-१५ ची गाडी तशीच चालते, फक्त आरसीवरचा पत्ता बदलून घ्या. आधार, गॅस, बँक यांचा पत्ता बदला. मतदार यादीसाठी फॉर्म ८ आहे. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला कुठूनही देता येतो.

सगळ्यांनाच पश्चात्ताप होतो का?

नाही. तिकडे आमच्या शेजारी नाशिकच्या सिडकोतलं एक जोडपं होतं, ते जळगावलाच राहिलं आणि आनंदात आहे. दोघांची नोकरी गावातच, तळमजल्याचं घर, मुलीला तिथली शाळा मानवली. जळगावने आम्हालाही पुष्कळ दिलं. आजारपणात रात्री दोनला धावून येणारे शेजारी मला नाशिकमध्ये कधी मिळाले नव्हते. आजही आम्ही नाशिकरोडला गाडीत बसलो की चार तासांत त्यांच्या दारात असतो, आणि निघताना पिशवीत केळी आणि शेव असतेच.

माझ्या पाहण्यात जे मुलाबाळांच्या ओढीने किंवा कामासाठी गेले ते बहुतेक टिकले. फक्त हवेसाठी गेले ते बहुतेक परत आले.

जायचं की नाही हे ठरत नाहीये. एक काय करावं?

१० ते २० मे या दिवसांत तिथे राहून या. हॉटेलात नाही, नातलगांच्या पाहुणचारातही नाही, त्यामुळे काही कळत नाही. एखादी खोली दहा दिवसांसाठी भाड्याने घ्या, शक्यतो ज्या भागात घर बघताय तिथेच. स्वयंपाक स्वतः करा, म्हणजे दुपारी बाराला गॅसपाशी उभं राहणं काय असतं ते समजेल. ज्यांच्यासाठी जाताय त्या माणसाला सोबत न्या. रोज ते किती पावलं चालले, किती तास झोपले, किती वेळा घराबाहेर पडले हे वहीत लिहा. नाशिकला परतल्यावर तेवढेच दहा दिवस पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं त्यांच्याच हातात द्या.

सासूबाईंना असं कुणी विचारलंच नव्हतं. आता त्या एकोणऐंशीच्या आहेत. भाड्याचं घर मुद्दाम गंगेपासून जवळ घेतलं. पहिले सहा महिने त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या, मग देवळापर्यंत. गेल्या कार्तिकात एका संध्याकाळी काठी टेकत रामकुंडाच्या पायरीपर्यंत पोहोचल्या. जुन्या चौघींपैकी दोघी तिथे बसलेल्या होत्या.